दोन इमारतींचा जमाखर्च

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. माणसाच्या हिशेबीपणाची परीक्षा या दोन कार्यांत जशी होते तशी दुसऱ्या कशातही होत नाही, हा तिचा अर्थ. गवंड्याशी बोलताना ठरलेला आकडा आणि वास्तुशांतीच्या दिवशी वहीत उतरलेला आकडा यांचा मेळ क्वचितच बसतो, हे दोन खोल्यांचे घर बांधणाऱ्यालाही कोणी शिकवावे लागत नाही. मग ज्यांनी शंभर मजले आकाशात चढविले, किंवा समुद्राच्या काठी शिडांसारखी छपरे उभी केली, त्यांच्या वहीत शेवटी काय उतरले असेल?

जगातील सर्वांत महागड्या इमारतींच्या याद्या अधूनमधून प्रसिद्ध होत असतात आणि वाचणारा थक्क होतो. मक्केच्या महामशिदीशेजारचा, २०१२ साली पुरा झालेला घड्याळ-मनोऱ्याचा समूह सुमारे पंधरा अब्ज डॉलरांचा म्हणून या याद्यांच्या शिरोभागी असतो. सिंगापूरच्या खाडीकाठी तीन मनोऱ्यांच्या माथ्यावर बाग तोलून धरणारी वास्तू साडेपाच अब्जांच्या घरात जाते. न्यूयॉर्क शहरात २००१ साली जमीनदोस्त झालेल्या जुळ्या मनोऱ्यांच्या जागी जी नवी इमारत २०१४ साली उघडली, तिला जवळजवळ चार अब्ज डॉलर लागले. उलट दुबईची बुर्ज खलिफा ही २०१० साली उघडलेली सर्वांत उंच इमारत सुमारे दीड अब्जांत झाली. उंची आणि खर्च यांचे प्रमाण सरळ नाही, एवढे या आकड्यांवरून कळते. त्यापलीकडे ते फारसे बोलत नाहीत. कोणाचा पैसा गेला, कोणाच्या शब्दावर गेला, मूळ अंदाज काय होता आणि तो का चुकला किंवा का साधला, हे कळल्याखेरीज इमारतीची किंमत कळली असे म्हणता येत नाही.

या दृष्टीने गेल्या शतकातील दोन वास्तूंचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून पाहण्याजोगा आहे. एक न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग आणि दुसरी सिडनीचे ऑपेरा हाउस. पहिली अंदाजापेक्षा कमी खर्चात आणि ठरल्या दिवशी पुरी झाली. दुसरीचा खर्च अंदाजाच्या चौदा पटींहून अधिक झाला आणि तिला दहा वर्षांचा उशीर लागला. कोणत्याही लेखापालाला विचारले तर पहिलीला शाबासकी द्यावी आणि दुसरीची चौकशी करावी, असेच तो सांगेल. परंतु दोन्ही वह्या शेवटच्या पानापर्यंत वाचल्या म्हणजे निकाल इतका सोपा राहत नाही.

न्यूयॉर्कच्या इमारतीमागे दोन माणसे होती. जॉन रॅस्कॉब हे जनरल मोटर्स कंपनीच्या अर्थव्यवहारात मुरलेले धनिक आणि अल स्मिथ हे न्यूयॉर्क राज्याचे माजी गव्हर्नर. स्मिथ १९२८ साली अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक हरले होते. पुढल्याच वर्षी, २९ ऑगस्ट १९२९ रोजी, त्यांनी या इमारतीची घोषणा केली. शहरातील श्रीमंतांचे जुने वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेल पाडून त्या जागी ती उभी राहावयाची होती. तो काळ सट्टेबाजारातील तेजीचा आणि उंचीच्या चढाओढीचा होता. थोड्याच अंतरावर मोटारींचे कारखानदार क्रायस्लर यांची इमारत चढत होती. प्रतिस्पर्ध्यांना पत्ता लागू न देता तिच्या कारागिरांनी पोलादी सुळका आतल्या आत जोडला आणि ऑक्टोबरात तो एकदम बाहेर काढून माथ्यावर बसविला. तिची उंची १,०४६ फूट झाली. एम्पायर स्टेटच्या मालकांनीही मग आपल्या इमारतीच्या टोकावर दोनशे फुटांचा एक स्तंभ चढविण्याचे ठरविले. त्याला हवाई जहाजे बांधून ठेवता येतील, असे कारण सांगितले गेले. इतक्या उंचीवरील वाऱ्यात फुगलेले विमान खांबाला बांधणे अशक्यप्राय आहे, हे अनुभवाने लवकरच सिद्ध झाले. पण इमारतीची उंची तेवढी १,२५० फुटांवर गेली.

हा स्पर्धेचा पोरकटपणा वगळला तर पुढचे काम मात्र कमालीच्या शिस्तीचे होते. मालकांनी वास्तुशिल्पी विल्यम लॅम्ब यांच्यापुढे ठेवलेल्या अटी एका परिच्छेदात मावणाऱ्या होत्या. पैसा ठरलेला, कोणतीही खोली खिडकीपासून अठ्ठावीस फुटांहून खोल नको, मजले होतील तेवढे अधिक, बाहेरून चुनखडीचा दगड, आणि १ मे १९३१ रोजी इमारत तयार. वास्तूचे रूप या अटींमधूनच घडले. नकाशे निश्चित झाले तेव्हा किती तुळया, किती खिडक्या, किती दगड, याची मोजदाद झालेली होती. पिट्सबर्गच्या कारखान्यांतून येणाऱ्या पोलादाच्या प्रत्येक तुकड्यावर तो कोठे बसवायचा याचा क्रमांक घातलेला असे. शहराच्या मध्यावर माल साठविण्यास जागा नव्हती, म्हणून माल येई तो थेट वर चढे. एक कोटी विटा हातगाड्यांनी वाहिल्या असत्या तर रस्ता अडला असता; त्या तळघरातील कोठारात ओतीत आणि तेथून वर नेऊन प्रत्येक मजल्यावर घातलेल्या छोट्या रुळांवरील डब्यांतून गवंड्यापर्यंत पोहोचवीत. मजुरांना जेवणासाठी खाली उतरावे लागू नये म्हणून इमारतीतच उपाहारगृहे काढली होती. १७ मार्च १९३० रोजी बांधकामास आरंभ झाला. सांगाडा आठवड्याला सरासरी साडेचार मजले या वेगाने चढत गेला. एकेका दिवशी ३,४०० हून अधिक माणसे कामावर असत. बरोबर ४१० दिवसांनी, १ मे १९३१ रोजी, अध्यक्ष हूव्हर यांनी वॉशिंग्टनमध्ये बसून एक कळ दाबली आणि १०२ मजल्यांच्या इमारतीचे दिवे लागले.

खर्चाचा अंदाज जमिनीसह सुमारे पाच कोटी डॉलरांचा होता. प्रत्यक्षात लागले ४ कोटी ९ लाख. त्यांपैकी इमारतीवर केवळ २ कोटी ४७ लाख पडले. सरकारी असो वा खाजगी, इतक्या मोठ्या कामात अशी बचत क्वचितच पाहावयास मिळते.

ही बचत आली कोठून? एक वाटा शिस्तीचा होता यात शंका नाही. पण दुसरा आणि मोठा वाटा त्या काळाचा होता. हॉटेल पाडण्याचे काम चालू असतानाच, १९२९ सालच्या ऑक्टोबरात, न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. कारखाने बंद पडू लागले, लाखो लोक बेकार झाले. पोलादाचा भाव उतरला, दगडाचा उतरला आणि माणसाच्या श्रमाचाही उतरला. कामाच्या शोधात दारोदार हिंडणारा कुशल कारागीर मिळेल त्या मजुरीवर कामास येत होता. मालकांच्या वहीत जी बचत दिसते ती दुसऱ्या कोणाच्या तरी वहीत तूट म्हणून लिहिलेली होती. त्या शिस्तबद्ध कामावर अधिकृत गणनेप्रमाणे पाच मजूर दगावले.

शिवाय ज्या मंदीने इमारत स्वस्त केली, त्याच मंदीने ती रिकामी ठेवली. उद्घाटन झाले तेव्हा भाड्याने गेलेली जागा एक चतुर्थांशाच्या आसपास होती. न्यूयॉर्ककर मोठे विनोदी. त्यांनी नावातील एक शब्द बदलून तिला ‘रिकामी स्टेट बिल्डिंग’ म्हणण्यास आरंभ केला. पहिल्या वर्षी सज्जावर चढून शहर पाहणाऱ्या लोकांच्या तिकिटांनी जवळजवळ वीस लाख डॉलर मिळवून दिले. कचेऱ्यांच्या भाड्याचे उत्पन्नही साधारण तेवढेच होते. जगातील सर्वांत उंच व्यापारी इमारत काही काळ जत्रेतल्या पाळण्यासारखी लोकांच्या कुतूहलावर जगली, असे म्हणावयास हरकत नाही. १९४५ सालच्या जुलै महिन्यात दाट धुक्यात वाट चुकलेले एक लष्करी विमान तिच्या ७९ व्या मजल्यावर आदळले आणि चौदा माणसे मेली. सांगाडा मात्र अढळ राहिला. नफ्याचे दिवस उगवले ते १९५० च्या सुमारास. स्मिथ १९४४ साली आणि रॅस्कॉब १९५० साली वारले. १९५१ साली इमारत ५ कोटी १० लाख डॉलरांना विकली गेली. नमुनेदार अंदाजपत्रकाला फळ येण्यास वीस वर्षे लागली आणि ते फळ ज्यांनी झाड लावले त्यांच्या हाती पडले नाही.

आता दुसरी वही उघडू. तिच्यात शिस्तीचे पहिले पानच कोरे होते.

सिडनी हे ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्याचे मोठे बंदर. दुसऱ्या महायुद्धानंतर युजीन गूसन्स हे तेथील वाद्यवृंदाचे संचालक झाले. शहरात संगीताला साजेसे सभागृह नाही ही गोष्ट त्यांना फार खटकत असे. बेनेलाँग पॉइंट नावाच्या, समुद्रात घुसलेल्या एका चिंचोळ्या टोकावर त्यांची नजर होती. ज्या बेनेलाँगवरून त्या जागेस नाव पडले तो तेथील मूळ रहिवाशांपैकी एक. अठराव्या शतकाच्या शेवटी पहिल्या इंग्रज गव्हर्नराने त्याच्यासाठी तेथे एक झोपडी बांधून दिली होती. गूसन्स यांच्या काळी त्या जागी ट्रामगाड्यांचे आगार होते. राज्याचे मुख्य मंत्री जोसेफ केहिल हे मजूर पक्षाचे, रेल्वेच्या कामगारांतून वर आलेले गृहस्थ. ऑपेरा म्हणजे युरोपातील खर्चिक संगीतनाटक. त्याचा ध्यास अशा माणसाने घ्यावा याचे अनेकांना आश्चर्य वाटले. केहिल यांनी मात्र तो घेतला. दीड एक वर्षाच्या विचारविनिमयानंतर जागतिक स्पर्धा जाहीर झाली आणि २३३ आराखडे आले.

२९ जानेवारी १९५७ रोजी निकाल लागला. पहिले बक्षीस योर्न उत्झोन या अडतीस वर्षांच्या डॅनिश वास्तुशिल्प्याला मिळाले. ते एका जहाजबांधणी-तज्ज्ञाचे पुत्र. सिडनी त्यांनी पाहिलेही नव्हते. सागरी नकाशे आणि छायाचित्रे यांवरून त्यांनी जागेचा अभ्यास केला होता. त्यांच्या चित्रांत एका रुंद जोत्यावर पांढऱ्या शिडांसारखी छपरे एकामागे एक झुकलेली होती. परीक्षकांना ती कल्पना विलक्षण वाटली. चित्रे केवळ रेखाकृतींच्या पातळीवरची आहेत, हेही त्यांनी आपल्या अहवालात नमूद केले. आणि या अपुऱ्या चित्रांवरूनच खर्चाचा अंदाज काढण्यात आला: ३५ लाख पौंड. ऑस्ट्रेलियात १९६६ साली डॉलर सुरू झाला तेव्हा एका पौंडाचे दोन डॉलर धरले गेले, त्या हिशेबाने ७० लाख डॉलर. गंमत अशी की, परीक्षकांच्या मते हा सर्वांत काटकसरीचा आराखडा होता!

छपरे कशी उभी राहणार हे त्या वेळी कोणालाही ठाऊक नव्हते. उत्झोन यांनी हाताने काढलेल्या वक्ररेषांना भूमितीचा आधार नव्हता, आणि आकाराला नियम नसला की त्यावरील भाराचे गणितही मांडता येत नाही. तरीही २ मार्च १९५९ रोजी काम सुरू झाले. राज्याची निवडणूक त्याच महिन्याच्या २१ तारखेला होती. केहिल यांची प्रकृती बरी नव्हती. आपण गेल्यावर ही योजना फडताळात जाऊन पडेल, ही त्यांची भीती अनाठायी नव्हती. एकदा पाया खणला की मागे फिरणे अवघड, हा राजकारणातला अनुभव सार्वत्रिक आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात केहिल वारले. पाया मात्र खणला गेला होता.

त्या घाईची किंमत लवकरच दिसू लागली. छपराचे वजन निश्चित होण्यापूर्वीच जोत्याचे खांब ओतले गेले. पुढे छप्पर ठरले तेव्हा ते खांब त्याचा भार पेलण्यास अपुरे ठरले. काही फोडून पुन्हा बांधावे लागले. लंडनच्या ओव्ह आरुप यांच्या कचेरीतील स्थापत्य-अभियंते चार वर्षे एकामागून एक आकार गणिताने तपासून टाकून देत होते. त्या काळी नव्याने आलेल्या संगणकाचीही त्यांनी मदत घेतली. अखेर १९६१ साली तोडगा निघाला: सगळी छपरे एकाच, ७५ मीटर त्रिज्येच्या काल्पनिक गोलातून कापून काढावयाची. संत्र्याच्या सालीचे लहानमोठे तुकडे केले तरी त्यांची वळणे एकच असतात, तसे हे. गोल एकच असल्यामुळे फासळ्यांचे भाग साच्यात ओतता येऊ लागले. २,१९४ भाग जागेवरच तयार झाले आणि जोडले गेले. वरून स्वीडनमध्ये भाजलेल्या दहा लाख छप्पन हजार फरश्या चढल्या. अवघड प्रश्नाचे इतके सोपे उत्तर, पण ते चार वर्षे आधी मिळाले असते तर जोत्यावर सुरुंग लावण्याची पाळी आली नसती.

पैसा कोठून येत होता? राज्याच्या तिजोरीतून एवढा खर्च काढणे मजूर सरकारला परवडण्याजोगे नव्हते. शाळा आणि इस्पितळे अपुरी असताना ऑपेरा कशाला, हा प्रश्न विरोधकांइतकाच स्वपक्षीयही विचारीत होते. म्हणून १९५७ च्या अखेरीस सरकारने खास लॉटरी काढली. ती लोकप्रिय झाली आणि पुढे चालूच राहिली. सगळ्या मिळून ४९६ सोडती झाल्या. गोदीतला हमाल, दुकानातली मुलगी, कचेरीतला कारकून, अशा लोकांनी तिकिटे घेतली. त्यांतील बहुतेकांनी ऑपेरा कधी ऐकला नव्हता आणि पुढेही ऐकण्याचा संभव थोडा होता. आशा विकत घेताना ते नकळत फरश्यांचे पैसे भरत होते.

या लॉटरीच्या हिशेबात एक नोंद अशी आहे की जी कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. १९६० साली एका फिरत्या विक्रेत्याला एक लाख पौंडांचे बक्षीस लागले. त्या काळी विजेत्यांची नावे आणि पत्ते वर्तमानपत्रांत सर्रास छापले जात. काही आठवड्यांतच त्याचा आठ वर्षांचा मुलगा शाळेच्या वाटेवरून पळविला गेला. खंडणी मागण्यात आली, पण मुलगा जिवंत परत आला नाही. गुन्हेगाराला पुढे शिक्षा झाली. त्यानंतर विजेत्यांना नाव गुप्त ठेवण्याची मुभा मिळाली आणि खंडणीसाठी माणूस पळविण्याच्या गुन्ह्याची कायद्यात स्वतंत्र तरतूद झाली. ऑपेरा हाउसच्या खर्चाचा आकडा सांगताना हा खर्च कोणी मिळवीत नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात अर्धवट बांधकामावर एक वेगळा प्रसंग घडला. अमेरिकेतील थोर निग्रो गायक पॉल रोबसन सिडनीस आले होते. ते बेनेलाँग पॉइंटवर गेले आणि परातींवर बसलेल्या, काँक्रीटने माखलेल्या कामगारांपुढे गायले. ऑपेरा हाउसमधले पहिले गाणे असे छप्पर नसताना झाले आणि ते तिकीट काढून आलेल्या रसिकांनी नव्हे, ते बांधणाऱ्यांनी ऐकले.

१९६५ साली सरकार बदलले. रॉबर्ट अ‍ॅस्किन यांच्या मंत्रिमंडळात सार्वजनिक बांधकाम खाते डेव्हिस ह्यूज यांच्याकडे आले. वाढत्या खर्चाला आळा घालू, असे वचन देऊन हा पक्ष निवडून आला होता. त्यामुळे हिशेब मागणे त्यांचे कामच होते. सभागृहाच्या आतील छतासाठी प्लायवूडचे मोठे नमुने करून पाहणे उत्झोन यांना अवश्य वाटे; मंत्र्यांना तो अपव्यय वाटला. नमुन्यांची मंजुरी अडली, मग मानधनाच्या रकमा अडल्या. कारागीर म्हणे, कसून पाहिल्याशिवाय मी आकडा सांगू शकत नाही. मंत्री म्हणे, आकडा सांगितल्याशिवाय मी पाहण्यास पैसा देऊ शकत नाही. दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते, आणि मध्यस्थी करील असे कोणी उरले नव्हते. २८ फेब्रुवारी १९६६ रोजी उत्झोन यांनी राजीनामा दिला. सिडनीच्या रस्त्यांवर त्यांना परत बोलाविण्यासाठी मोर्चे निघाले. एप्रिलमध्ये ते कुटुंबासह देश सोडून गेले.

येथे वहीतले आकडे नीट पाहण्यासारखे आहेत. १९६६ सालच्या ऑक्टोबरापर्यंत झालेला खर्च सुमारे २ कोटी ३० लाख डॉलर होता. १९७३ साली इमारत पुरी झाली तेव्हा तो १० कोटी २० लाखांवर गेला होता. म्हणजे ज्या वास्तुशिल्प्याच्या हातून खर्च आवरत नाही अशी ओरड होती, तो गेल्यानंतरच खर्चाचा तीन चतुर्थांशांहून अधिक भाग झाला. याचा सगळा दोष नव्या मंडळींवर टाकणे अन्यायाचे होईल. आतील काम उरलेच होते आणि भाव वाढत होते. पीटर हॉल यांच्या नेतृत्वाखालील ऑस्ट्रेलियन वास्तुशिल्प्यांनी दुसऱ्याचे अर्धवट स्वप्न पुरे करण्याचे कृतघ्न काम पत्करले. पण एक मोठा फेरबदल त्याच काळात झाला. मूळ योजनेत मोठ्या सभागृहात ऑपेरा आणि वाद्यसंगीत दोन्ही व्हावयाची होती. वाद्यवृंद ज्या राष्ट्रीय प्रसारण संस्थेच्या आधिपत्याखाली होता तिने आग्रह धरला की मोठे सभागृह केवळ वाद्यसंगीताला हवे. बसविलेली रंगमंचाची यंत्रसामग्री उखडून काढावी लागली आणि ऑपेरा धाकट्या सभागृहात गेला. तेथे वादकांना बसण्याची जागा तोकडी पडली. ज्याच्या नावाने घर बांधले त्या यजमानालाच ओसरीवर बसावे लागले.

२० ऑक्टोबर १९७३ रोजी राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते उद्घाटन झाले. बेथोव्हनची नववी सिंफनी वाजली, आतषबाजी झाली. केहिल वारले होते. गूसन्स यांना १९५६ सालीच एका प्रकरणात देश सोडावा लागला होता आणि १९६२ साली त्यांचे देहावसान झाले होते. उत्झोन हयात होते, पण समारंभाला नव्हते. लॉटरीने मात्र आपले काम चोख बजावले; १९७५ सालच्या जुलैपर्यंत इमारतीचे सारे देणे फिटले.

मग या दोन वह्या शेजारी ठेवून काय म्हणावे? अंदाज चुकला तरी चालेल, वस्तू सुंदर झाली म्हणजे झाले, असा निष्कर्ष सिडनीवरून पुष्कळ जण काढतात. तो धोक्याचा आहे. ज्या कामांचा खर्च दहापट झाला आणि हाती केवळ ओबडधोबड काँक्रीट आले, त्यांची नावे कोणाच्या स्मरणात राहत नाहीत. सिडनी आठवते ते तिच्या छपरांमुळे. एका यशाच्या आड शंभर अपयशे लपविता येतात, म्हणून ते यश नियम ठरत नाही. केहिल यांनी खोटे सांगितले असे म्हणता येणार नाही, पण ज्या आकड्याला आधार नाही तो आधार असल्यासारखा लोकांपुढे ठेवला गेला. अंदाजपत्रक हे एक प्रकारचे वचन असते. जो पैसा देणार त्याला निदान एवढे तरी सांगितले पाहिजे की, काय ठाऊक आहे आणि काय ठाऊक नाही. छपरे कशी उभी करावी हे आम्हास अद्याप माहीत नाही, एवढे एक वाक्य १९५७ साली जाहीरपणे बोलले गेले असते तर पुढचे अनेक वैर टळले असते. ते बोलले असते तर इमारत झालीच नसती, असे उत्तर यावर दिले जाते. ते बहुधा खरे आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न कोणत्याही राज्यकर्त्याला सोपा नाही.

उलट न्यूयॉर्कवरून काटकसरीचा धडा घेणाऱ्यानेही थोडे थांबावे. नकाशे पुरे झाल्याखेरीज कुदळ मारू नये, हा तिचा धडा निरपवाद खरा आहे. पण स्वस्ताईचे श्रेय घेताना ती स्वस्ताई कोणाच्या उपासमारीतून आली हेही लिहिले पाहिजे. वेळेवर आणि कमी खर्चात झालेली इमारत वीस वर्षे आपल्या मालकांना फळली नाही. उशिरा आणि अतोनात खर्चात झालेली इमारत दोन वर्षांत कर्जमुक्त झाली. पहिलीची शिस्त निर्दोष असूनही काळ उलटला. दुसरीची शिस्त ढासळूनही हजारो अनोळखी हातांनी तिला तारले. दोन्हीकडे खरा भार ज्यांनी सोसला त्यांची नावे कोनशिलेवर नाहीत.

सिडनीच्या कथेला एक उत्तरार्ध आहे. १९९९ साली ऑपेरा हाउसच्या व्यवस्थापनाने उत्झोन यांच्याकडे पुन्हा हात पुढे केला. इमारतीत पुढे जे फेरफार होतील त्यांची तत्त्वे त्यांनी लिहून द्यावीत, अशी विनंती झाली. त्यांनी ती मान्य केली. वय ऐंशीच्या पुढे गेले होते. प्रवास शक्य नव्हता. त्यांचे पुत्र, तेही वास्तुशिल्पीच, सिडनी आणि डेन्मार्क यांच्यामधला दुवा झाले. २००४ साली उत्झोन यांच्या आराखड्याप्रमाणे सजविलेले एक दालन त्यांच्याच नावाने उघडण्यात आले. २००३ साली त्यांना वास्तुकलेतील प्रिट्झकर पारितोषिक मिळाले आणि २००७ साली युनेस्कोने या वास्तूचा जागतिक वारशात समावेश केला. २००८ सालच्या नोव्हेंबरात, नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मोठ्या सभागृहातील आवाजाचे जुने दोष काढण्यासाठी पुढे दोन वर्षे ते बंद ठेवावे लागले आणि २०२२ साली ते पुन्हा उघडले. म्हणजे इमारतीचा खर्च आजही संपलेला नाही.

१९६६ साली सिडनी सोडल्यानंतर उत्झोन पुन्हा कधी तेथे गेले नाहीत. आपल्या हातची ती इमारत पुरी झालेली त्यांनी छायाचित्रांतच पाहिली, जशी एके काळी तिची रिकामी जागा छायाचित्रांत पाहिली होती.